912 की 300? हरहुन्नरी जीवाणूची अत्यावश्यक जनुकं शोधताना

प्रश्न सोलापुरातच पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. आधी तो थोडक्यात सांगतो. सिद्धेश्वर तलावाच्या काठच्या गाळातून त्यांनी एक जांभळट-लाल जीवाणू वेगळा केला. तो ऱ्होडोस्यूडोमोनास पाल्युस्ट्रिसच्या भाऊबंदांतला निघाला. उजेडात हवेशिवाय वाढतो, अंधारात हवेवर वाढतो, बेन्झोएटसारखं बहुतेकांना न पचणारं खाणंही पचवतो. त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला. मग मरिनर ट्रान्सपोझॉन (डीएनएमध्ये कुठेही उडी मारून बसणारा आणि बसला ते जनुक मोडणारा तुकडा) घुसवून त्यांनी म्युटंटची लायब्ररी, म्हणजे वेगवेगळं जनुक मोडलेल्या पेशींचा संच, बनवली, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घातलेल्या प्लेटवर, हवेत. तीच लायब्ररी पुढे बंद बाटल्यांत, बल्बच्या उजेडात, बेन्झोएटवर वाढवली. सिक्वेन्सिंगचा निकाल आला तेव्हा मूळ लायब्ररीत 912 जनुकांमध्ये एकही ट्रान्सपोझॉन सापडला नाही, आणि उजेडातल्या नमुन्यात हा आकडा आणखी फुगला. गाइड म्हणतात, ई. कोलाय या नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या जीवाणूत अशी अत्यावश्यक जनुकं तीनशेच्या आसपास असतात, तुमचं कुठेतरी चुकलंय. पाल्युस्ट्रिसवर छापून आलेल्या अभ्यासात 552 आहेत. तर खरा आकडा कोणता?

चुकलं असेलही, पण ई. कोलायशी जुळत नाही म्हणून चुकलं असं नाही. तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन गुंतलेत. 912 पैकी किती जनुकं खरोखर लागतात आणि किती नुसती आपल्या जाळ्यातून निसटली, हा पहिला. हवेत, प्लेटवर जगायला काय लागतं, हा दुसरा. उजेडात बेन्झोएटवर जगायला त्याच्यापेक्षा वेगळं काय लागतं, हा तिसरा. आणि एक चौथा आहे जो तुम्ही विचारला नाही, पण व्हायवाला कुणीतरी नक्की विचारेल: हवेत लागतं पण उजेडात लागत नाही, असं काही आहे का? त्याचं उत्तर तुमच्या सध्याच्या लायब्ररीत नाही. कितीही सिक्वेन्सिंग केलं तरी मिळणार नाही. का, ते पुढे सांगतो.

मी माझ्याकडच्या मुलांना ‘अत्यावश्यक’ हा शब्द विभक्तीशिवाय वापरू देत नाही. कशासाठी आणि कुठे, हे दोन्ही सोबत आलं पाहिजे. आपल्या गावात हे समजावायला फार कष्ट पडत नाहीत. नळाला रोज पाणी येत नाही. ज्याच्या दारात बोअर आहे त्याचा नळ महिनाभर बंद राहिला तरी घर चालतं. म्हणजे त्या घराला नळ अत्यावश्यक नाही. मे महिन्यात बोअर आटला की त्याच घराला तोच नळ अत्यावश्यक. नळ बदलला नाही, घर बदललं नाही, महिना बदलला. आणि नळ-बोअर दोन्ही एकदम गेले तर काय होतं, हे एकेक बंद करून बघणाऱ्याला कधीच कळत नाही. हरहुन्नरी जीवाणू म्हणजे नळ, बोअर, टँकर आणि शेजाऱ्याची विहीर असं सगळं असलेलं घर.

आता आकड्यांकडे. ई. कोलायचा ‘तीनशे’ कुठून आला? 2006 मध्ये जपानी गटाने के-12 या स्ट्रेनच्या (वाणाच्या) 4288 जनुकांना एकेक करून काढायचा प्रयत्न केला. 3985 निघाली, 303 निघाली नाहीत. केइओ कलेक्शन म्हणून तो संच प्रसिद्ध आहे. निवड एलबीसारख्या भरपेट मीडियावर (जीवाणू वाढवायच्या खाण्यावर), हवेत, 37 अंशांवर. पुढे 2018 मध्ये त्याच के-12 वर दाट ट्रान्सपोझॉन लायब्ररी वापरून मोजलं तेव्हा 358 आली. जीवाणू तोच, पद्धत वेगळी, फरक पन्नासाहून जास्त. बॅसिलस सब्टिलिसमध्ये 2003 साली 271 सांगितली गेली. तेव्हा तीनशे हा काही निसर्गनियम नाही.

ऱ्होडोस्यूडोमोनास पाल्युस्ट्रिसच्या सीजीए009 या स्ट्रेनचा जीनोम साधारण 54 लाख बेसजोड्यांचा, सुमारे 4800 जनुकांचा. 2016 मध्ये आलेल्या टीएन-सेक (ट्रान्सपोझॉन कुठे कुठे बसले ते सिक्वेन्सिंगने मोजायची पद्धत) अभ्यासात 552 जनुकं अत्यावश्यक ठरली. मात्र त्यापुढची अट वाचल्याशिवाय तो आकडा उचलू नका: हवेत, अर्धसमृद्ध मीडियावर. या 552 पैकी 323 चे जोडीदार (सारखी जनुकं) कॉलोबॅक्टर या दुसऱ्या जीवाणूतही अत्यावश्यक आहेत, ई. कोलायमध्ये फक्त 187 चे. तुमच्या गाइडना नेमकी हीच ओळ दाखवा. तुमचा जीवाणू आणि कॉलोबॅक्टर अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया गटातले, ई. कोलाय गॅमा गटातला. पाल्युस्ट्रिस मधोमध चिरून दोन होत नाही. आईपेशीला कळी फुटते आणि त्यातून पोहणारी पिल्लूपेशी सुटते. कॉलोबॅक्टरही एक चिकटून बसणारी आणि एक पोहणारी अशा दोन वेगळ्या पेशी तयार करतो. या खटाटोपाला लागणारी पेशीचक्राची जनुकं दोघांतही अत्यावश्यक निघाली. ई. कोलायशी तुलना करून आपली यादी तपासणं म्हणजे मावसभावाच्या मापाचा शर्ट शिवून घेणं.

तरीही 912 मला जास्त वाटतात. कारण सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं फसतं.

टीएन-सेकमध्ये आपण रिकाम्या जागेवरून निष्कर्ष काढतो. ट्रान्सपोझॉन जिथे बसलेला दिसतो तिथलं जनुक मोडूनही पेशी जगली, हा पुरावा पक्का. जिथे दिसत नाही तिथे पेशी मेली, हा नुसता अंदाज. हजेरीपटावर एखाद्याच्या नावापुढे महिनाभर फुली दिसली म्हणून तो गेला असं कुणी म्हणत नाही. हुरड्याला गावी गेला असेल. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत (बेसमध्ये) लिहिलेला असतो, आणि मरिनर ट्रान्सपोझॉन फक्त टीए या दोन अक्षरांच्या जोडीवर बसतो. तुमच्या जीवाणूत जी आणि सी मिळून 65 टक्क्यांच्या आसपास असणार, म्हणजे ए आणि टी प्रत्येकी साडेसतरा टक्के. सरळ गुणाकार केला तर हजार बेसच्या जनुकात अशा साधारण 30 जागा येतात आणि दोनशे बेसच्या छोट्या जनुकात जेमतेम 6.

आता समजा तुमच्या लायब्ररीत एकूण टीए जागांपैकी निम्म्या भरल्या. सहा जागांचं बिनमहत्त्वाचं जनुक निव्वळ नशिबाने रिकामं राहायची शक्यता दीड टक्का. चालून जाईल. पण फक्त 20 टक्के जागा भरल्या असतील तर हीच शक्यता 26 टक्क्यांवर जाते. म्हणजे लहान, निरुपयोगी जनुकांपैकी चारातलं एक तुमच्या यादीत घुसणार. तीस जागांच्या जनुकाला मात्र त्या विरळ लायब्ररीतही हजारात एखाद्या वेळीच असं होईल. म्हणून पहिली गोष्ट: 912 जनुकं लांबीप्रमाणे लावा. यादीत तीनशे बेसपेक्षा छोट्यांची गर्दी दिसली, तर ते जीवशास्त्र नाही, विरळ विणकाम आहे. चादरीचा पोत दाट नसला की आरपार दिसतं, तसं.

दुसरी गर्दी पुनरावृत्त भागांची असते. जीनोममध्ये एकसारख्या दोन प्रती असल्या तर वाचलेला तुकडा कोणत्या प्रतीचा हे संगणकाला ठरवता येत नाही. बऱ्याच प्रोग्रॅमची सवय अशी की असे तुकडे टाकून द्यायचे. परिणाम उफराटा होतो: ज्याच्या दोन प्रती आहेत, म्हणजे जे मोडलं तरी काही बिघडत नाही, नेमकं तेच रिकामं दिसून अत्यावश्यक ठरतं. ट्रान्सपोझेजची (जीनोममधल्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांच्या एन्झाइमची) जनुकं तुमच्या यादीत अत्यावश्यक म्हणून आली असतील तर याहून वेगळं कारण शोधायला जाऊ नका. हरहुन्नरी जीवाणूंमध्ये जवळजवळ सारख्या जनुकांच्या जोड्या भरपूर, त्यामुळे हा घोळ तुमच्याकडे जास्त.

काही टीए जागा मुळातच ट्रान्सपोझॉनला नकोशा असतात. क्षयाच्या जीवाणूवर 2017 मध्ये झालेल्या कामात दिसलं की टीएच्या दोन्ही बाजूंना जी-सीची ठरावीक मांडणी असली तर मरिनर तिथे फारसा बसतच नाही. क्षयाचा जीवाणूही 65 टक्क्यांच्या घरातलाच, म्हणून ते तुम्हाला लागू धरा. त्या जागा हिशेबातून वगळून पुन्हा मोजा. ट्रान्झिटसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये शेजारच्या जागांचा एकत्रित विचार करणारं मॉडेल आहे. ‘शून्य म्हणजे अत्यावश्यक’ या ढोबळ नियमापेक्षा ते कितीतरी बरं.

मग येतात हळू वाढणारे. प्लेटा कोणत्या दिवशी खरवडल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाल्युस्ट्रिस निवांत वाढणारा प्राणी आहे. सहाव्या दिवशी खरवडल्या तर टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी गणतीत येत नाहीत, दहाव्या दिवशी येतात. त्या म्युटंटना ‘मेले’ म्हणायचं की ‘रडतखडत जगतात’? मी यादीत तिसरा रकाना ठेवतो: मोडलं तर आजारी. त्या रकान्यात खूप काही सुरस सापडतं, पण त्याला अत्यावश्यकात मिसळलं की आकडा फुगतो.

आणि काही जनुकं खरोखर रिकामी असतात, खरोखर मोडता येत नाहीत, तरी आपण समजतो त्या अर्थाने अत्यावश्यक नसतात. विष आणि उतारा अशी जोडी बाळगणाऱ्या जीवाणूत उताऱ्याचं जनुक मोडलं की पेशी मरते, कारण विष मोकळं सुटतं. जोडी पूर्ण काढली तर पेशी मजेत. जीनोममध्ये झोपलेल्या विषाणूला दाबून ठेवणारं जनुकही तसंच. तुमचा जीवाणू थेट तलावातून आलाय, तेव्हा अशी बिऱ्हाडं त्याच्यात असू शकतात. त्यांना यादीतून काढू नका, पण वेगळी खूण करा.

इथवरचं एका दमात: लांबी, दुहेरी प्रती, नकोशा टीए जागा, खरवडण्याचा दिवस, विष-उतारा. एवढी चाळण लावली की 912 बरेच खाली येतील. किती, ते तुमची लायब्ररी किती दाट आहे त्यावर. तो आकडा तुम्ही दिलेला नाही.

आता मुख्य गोष्ट, पहिल्या चाळणीची. तुमची लायब्ररी जन्मालाच हवेत आली. ट्रान्सपोझॉन घुसल्यावर प्रत्येक पेशीला आधी हवेत, यीस्ट एक्स्ट्रॅक्टवर कॉलनी बनवून दाखवावी लागली. ज्या तिथे मेल्या त्या संपल्या. नंतर तुम्ही उजेडात काहीही केलं तरी त्या परत येणार नाहीत. म्हणून या लायब्ररीतून ‘हवेत चालतं, उजेडात लागतं’ हे कळेल, पण ‘हवेत लागतं, उजेडात चालतं’ हे कधीच कळणार नाही. उजेडातल्या नमुन्यातला आकडा वाढलेलाच दिसणार होता. चाळणीखाली दुसरी चाळणी धरली की वर काही परत येत नाही.

हा काल्पनिक घोळ नाही. ई. कोलायचंच उदाहरण घ्या. डीएनएचे सुटे भाग बनवणारं रायबोन्युक्लिओटाइड रिडक्टेज हे एन्झाइम त्याच्याकडे वेगवेगळ्या जातींचं आहे. एनआरडीए-एनआरडीबी ही जोडी हवेत काम करते. एनआरडीडी-एनआरडीजी ही हवा नसतानाची. हवेत बनवलेल्या कुठल्याही संचात पहिली जोडी अत्यावश्यक दिसते आणि दुसरी शोभेची. ऑक्सिजन पूर्ण काढून घ्या, उलट होतं. आता ज्याने फक्त हवेतली यादी पाहिली त्याने ‘डीएनए बनवायला एनआरडीए लागतोच’ असं पाठ केलं, तर दोष यादीचा नाही.

तेव्हा चौथ्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर दुसरी लायब्ररी लागेल, जी सुरुवातीपासून हवेशिवाय, उजेडात निवडलेली असेल. कॉन्ज्युगेशन (दुसऱ्या जीवाणूकडून ट्रान्सपोझॉन पेशीत पोचवणं) झाल्यावर प्लेटा थेट अॅनेरोबिक जारमध्ये आणि जार बल्बसमोर. काम कटकटीचं आहे. ट्रान्सपोझॉन नसलेल्या पेशी मारायला वापरतात त्या कॅनामायसिन या अँटिबायोटिकला पेशीत शिरायला श्वसनाची विद्युतशक्ती लागते, त्यामुळे हवेशिवाय त्याचा मार बोथट होतो. मात्रा आधी नव्याने ठरवून घ्या. नाहीतर ट्रान्सपोझॉन नसलेल्या पेशींची हिरवळ माजेल आणि तुम्ही तिलाच लायब्ररी समजाल.

हरहुन्नरी जीवाणूंमध्ये ‘उजेडात लागतं’ म्हणतानाही सबुरी ठेवा. मला सर्वांत आवडतं उदाहरण तुमच्याच जीवाणूचं आहे. उजेडात त्याला ऊर्जा प्रकाशातून मिळते आणि कार्बन सक्सिनेटसारख्या तयार खाण्यातून. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं केल्विन चक्र कशाला हवं? कागदावर तर नको. पण मोडून बघितलं तर पेशी वाढत नाही. कारण कार्बनची भूक नाहीच. खाणं फोडताना सुटलेले इलेक्ट्रॉन कुठेतरी ओतावे लागतात, आणि केल्विन चक्र ती मोरी आहे. मोरी तुंबली की घर बंद. आता त्याच म्युटंटचं नायट्रोजनेज, म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडणारं एन्झाइम, चालू ठेवा. ते हायड्रोजन वायू सोडतं, म्हणजे इलेक्ट्रॉनला दुसरी मोरी मिळाली. पेशी पुन्हा वाढते. आणि नायट्रोजनेज चालू की बंद, हे बरंचसं तुम्ही मीडियात अमोनियम घातलंय की नाही यावर ठरतं.

पाहा, काय झालं. रुबिस्को, म्हणजे केल्विन चक्रातलं कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम, अत्यावश्यक आहे का, याचं उत्तर अमोनियम क्लोराइडच्या बाटलीत आहे. तुम्ही प्रश्नात बेन्झोएट लिहिलं, उजेड लिहिला, नायट्रोजन कुठून दिला ते लिहिलं नाही. बायकार्बोनेट घातलं होतं का, तेही नाही. ही तपशिलाची हौस नव्हे. या दोन ओळींशिवाय तुमची उजेडातली यादी दुसऱ्या कुणाच्या यादीशी ताडून पाहता येणार नाही.

एक जनुक मोडल्यावर पेशी मेली म्हणजे त्याच्या कामाविना मेली, असंही नेहमी नसतं. ई. कोलायला गॅलॅक्टोज खायला दिलं आणि गॅलई जनुक मोडलेलं असलं तर पेशी फुटून मरते. उपासमारीने नव्हे, अर्धवट पचलेल्या साखरेचा फॉस्फेट साचून. त्याच पेशीत आधीच्या पायरीचं गॅलकेही मोडलं तर ती वाचते. तुमच्या जीवाणूत बॅक्टेरिओक्लोरोफिल (प्रकाश पकडणारं रंगद्रव्य) बनवण्याच्या वाटेवर पॉर्फिरिन गटातले पदार्थ आहेत, आणि ते साचले, उजेड पडला, थोडी हवाही शिरली, तर ते पेशीला जाळतात. बेन्झोएट फोडण्याच्या वाटेवरही मधली कुठली पायरी तुंबली तर विष साचू शकतं. तेव्हा वाटेतली एकच पायरी ‘अत्यावश्यक’ आणि तिच्या आधीची पायरी बिनमहत्त्वाची दिसली, तर तुंबलेल्या गटाराचा संशय घ्या.

आता माझी एक फजिती. काही वर्षांपूर्वी आम्ही अशाच एका जांभळ्या जीवाणूची लायब्ररी उजेडात वाढवली. महिना मे. इथे पारा 43-44 ला टेकतो हे तुम्हाला सांगायला नको. खोलीतला थर्मामीटर 30 दाखवत होता, एसी चालू होता, आम्ही खूश. यादी आली तर त्यात चॅपरोन (प्रथिनं नीट दुमडायला मदत करणारे) आणि प्रोटिएज (बिघडलेली प्रथिनं तोडणारे) यांची रांग. उजेडात प्रथिनांची दुमड सांभाळणारी यंत्रणा लागते, असा मोठा शोध लागल्यासारखं वाटलं. एका विद्यार्थ्याने पोस्टरचं शीर्षकही ठरवलं. मग आमच्या लॅब असिस्टंट मावशी एकदा बाटली हातात घेऊन म्हणाल्या, “सर, ही तर चहासारखी कोमट लागतीय.” पाणी भरलेल्या बाटलीत थर्मामीटर बुडवून बल्बसमोर ठेवला. दोन तासांत 39. आम्ही उजेड नव्हे, उन्हाळा मोजला होता.

तेव्हापासून बल्ब आणि बाटल्यांच्या मध्ये माशांची काचेची टाकी पाणी भरून ठेवतो. पाणी उष्णता खातं आणि या जीवाणूला लागणारा 850 ते 875 नॅनोमीटरचा प्रकाश बऱ्यापैकी पुढे जाऊ देतं. आणि अंधारातल्या बाटल्या फॉइलमध्ये गुंडाळून त्याच बल्बसमोर ठेवतो, म्हणजे दोघींना सारखीच धग. दुसरं, गरम होतं म्हणून पांढरा एलईडी लावू नका. डोळ्याला लख्ख दिसतो, पण त्यात इन्फ्रारेड जवळजवळ नसतो, आणि बॅक्टेरिओक्लोरोफिलची मुख्य भूक तिथेच. जीवाणू कॅरोटिनॉइड या दुसऱ्या रंगद्रव्यांवर कसाबसा वाढतो आणि तुमची यादी ‘उजेडात’ नसून ‘अपुऱ्या उजेडात’ अशी होते. जुना तारेचा बल्ब मिळाला नाही तर 850 चे इन्फ्रारेड एलईडी मिळतात, सुरक्षा कॅमेऱ्यांसाठी विकतात ते. बल्ब नुसता वॅटमध्ये नव्हे, बाटलीपासूनच्या अंतरासकट लिहून ठेवा.

उलटी चूकही होते: अत्यावश्यक जनुक यादीत येतच नाही. लाखभर म्युटंट एका बाटलीत एकत्र वाढतात, आणि एखाद्याला अमिनो आम्ल बनवता येत नसलं तर शेजाऱ्याच्या पाझरलेल्या ताटातलं उचलतो. एकटा ठेवला असता तर मेला असता. लंगरात उपाशी कुणी राहत नाही. जनुकाच्या अगदी शेपटीकडे ट्रान्सपोझॉन बसला तर प्रथिन थोडं तोकडं होतं पण काम करतं, म्हणून मी प्रत्येक जनुकाचं शेवटचं 10 टक्के आणि सुरुवातीचं 5 टक्के हिशेबात धरत नाही. बाटलीत मोजक्याच पिढ्या झाल्या असतील तर मोडण्याआधी बनलेल्या प्रथिनाच्या शिदोरीवर पेशी काही काळ चालते. किती पिढ्या झाल्या ते काचेवर तारीख लिहून नाही, सुरुवातीची आणि शेवटची जिवंत पेशींची संख्या मोजून सांगा.

फ्रीझरमधून काढलेल्या लायब्ररीचा किती भाग बाटलीत टाकला, हेही त्यातच आलं. एक लाख वेगवेगळे म्युटंट असतील तर किमान पन्नास लाख, जमलं तर कोटीभर जिवंत पेशी टाका. जिवंत म्हणजे प्लेटवर मोजलेल्या. वितळताना निम्म्या मेलेल्या असू शकतात आणि ओडीला, म्हणजे द्रवाच्या गढूळपणाच्या मापाला, मेलेल्या-जिवंतातला फरक कळत नाही. मूठभर पेशी टाकल्या तर दारातच अर्धे म्युटंट गळतात. उजेडातला तुमचा आकडा फुगण्याचं हे एक अगदी साधं कारण असू शकतं. तीन वेगळ्या बाटल्यांचे निकाल शेजारी ठेवून बघा: प्रत्येक बाटलीत वेगळीच जनुकं रिकामी पडली असतील तर ते नशीब, तीच तीच पडली असतील तर जीवशास्त्र. एकच बाटली केली असेल तर मात्र आधी आणखी दोन करा, मग बोलू.

खात्री कशी करायची? सगळ्यांची करता येत नाही, करायची गरजही नाही. ज्या पाच-सहा जनुकांवर तुमचा प्रबंध उभा राहणार आहे तेवढी घ्या. माझी आवडती पद्धत जुनीच आहे: सॅकबी (साखर दिली की पेशीला मारणारं जनुक) आणि साखरेची दोन-टप्पी निवड. पहिल्या टप्प्यात सॅकबी असलेलं प्लाझमिड (डीएनएचं छोटं कडं) जनुकाच्या जागी जाऊन बसतं. दुसऱ्या टप्प्यात प्लाझमिड बाहेर पडताना मूळ जनुक राहायची आणि जायची शक्यता साधारण सारखी. चाळीस कॉलनी तपासल्या आणि चाळीसही मूळच्याच निघाल्या तर संशय पक्का. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण तुमची पीसीआर (कॉलनीत जनुक आहे की नाही ते बघायची चाचणी) किंवा प्लाझमिडची बांधणी गंडली असेल तरी हेच दिसेल. त्याच पेशीत जनुकाची एक जादा प्रत प्लाझमिडवर द्या आणि पुन्हा करा. आता जनुक सहज निघतंय? मग ते अत्यावश्यक. जादा प्रत देऊनही निघत नसेल तर दोष तुमच्या बांधणीत आहे. आणि हे दोन्ही हवेत आणि उजेडात, दोन्हीकडे करा; तिथेच तुमच्या प्रबंधाचं खरं प्रकरण आहे. मृत कॅस9 (डीएनए न कापता नुसतं त्यावर बसून राहणारं प्रथिन) वापरून जनुक नुसतं दाबायची क्रिस्पर पद्धतही आहे, पण ती त्याच ओपेरॉनमधल्या (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांच्या रांगेतल्या) पुढच्या जनुकांनाही दाबते, आणि तुमच्या जीवाणूत ती आधी बसवावी लागेल. पीएचडीचं कितवं वर्ष आहे त्यावर ठरवा.

दुसरं सिक्वेन्सिंग करायला पैसे आहेत का, हे मला माहीत नाही. नसतील तर आत्ता खर्च करू नका. आधी हातातल्या डेटामधून तीन गोष्टी काढा: एकूण टीए जागा किती आणि त्यातल्या किती भरल्या, 912 पैकी किती जनुकं तीनशे बेसपेक्षा छोटी, आणि किती तुकडे दोन ठिकाणी जुळतात म्हणून टाकून दिले गेले. संगणकावर एका दुपारचं काम आहे. शिवाय बाटलीत अमोनियम होतं का, बायकार्बोनेट होतं का, आणि बल्बसमोर बाटलीच्या आत तापमान किती होतं, ते वहीत बघा. या सहा गोष्टी इथेच लिहा. गाइडना काय सांगायचं ते मग ठरवू.